काळी पाच म्हणजे ए शार्प की बी फ्लॅट? पट्टी आणि स्केलमधल्या या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या भजनी मंडळात पेटीवाल्याला ‘काळी पाच’ एवढं सांगितलं की पुरतं: सी म्हणजे पांढरी एक, तिथून मोजलेली पाचवी काळी पट्टी सा धरायची. कन्नड तबलजीला ‘करी ऐदू’ म्हटलं तरी हातोडी त्याच सुराकडे वळते. घोळ होतो तो कीबोर्डवाला नाहीतर ट्रम्पेटवाला सोबतीला बसला आणि कोणीतरी कागदावर ‘ए शार्प मेजर’ लिहून दिलं की.

पट्टी तीच, पण लिहिताना हे नाव चुकीचं. शार्प म्हणजे अर्धा सूर चढा, फ्लॅट म्हणजे अर्धा सूर उतरता. मेजर स्केलमध्ये (सगळे सूर शुद्ध) सात अक्षरं येतात, प्रत्येक एकदाच. बी फ्लॅटपासून लिहा: बी फ्लॅट, सी, डी, ई फ्लॅट, एफ, जी, ए. दोन फ्लॅटांत काम झालं. ए शार्पपासून लिहायला गेलात तर सी, एफ आणि जी डबल शार्प (दोनदा चढवलेले) होतात आणि एकूण दहा शार्प भरतात. वाजवणारा पहिल्याच ओळीत अडखळेल. म्हणून मेजरसाठी काळी दोन ई फ्लॅट, काळी चार ए फ्लॅट, काळी पाच बी फ्लॅट. काळी एकला डी फ्लॅट बरं, पाच फ्लॅटांत भागतं. सी शार्पला सात शार्प लागतात. काळी तीनला एफ शार्प लिहा की जी फ्लॅट, सहाच चिन्हं. मायनरला (कोमल गंधाराच्या स्केलला) मात्र हे आंधळेपणानं लावू नका: काळी एक मायनर म्हणजे सी शार्प मायनर, चार शार्प.

दुसरी चूक शिकाऊ पेटीवाल्यांची, आणि ती फार मुरलेली: पांढरी म्हणजे शुद्ध, काळी म्हणजे कोमल. हे फक्त पांढरी एकवर सा धरला तरच खरं, आणि तिथंही तीव्र मध्यम काळ्या पट्टीवरच असतो. काळी पाचला सा धरून भैरव वाजवा. कोमल रे येतो पांढरी सातवर, शुद्ध ग पांढरी दोनवर, कोमल ध काळी तीनवर. आता हा रे लिहायचा कसा? बी नव्हे, सी फ्लॅट. कारण बी हे अक्षर सा साठी खर्ची पडलंय. पांढऱ्या पट्टीलाही फ्लॅट नाव लागतं ते असं. आपल्याकडेही तीव्र मध्यमाला कोणी कोमल पंचम म्हणत नाही, तोच न्याय.

मेजर स्केल मोजताना सुरुवातीचा सा ‘एक’ धरू नका, तो शून्य. पुढं 2-2-1-2-2-2-1 अशा पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून. पांढरी तीन-चार आणि सात-एक यांच्यामध्ये काळी नसते. बहुतेकांची गणती तिथंच घसरते.

बँडवाल्यांना पट्टी सांगताना आणखी एक भान हवं. नेहमीचा ट्रम्पेट बी फ्लॅटचा असतो: त्याच्या कागदावर सी लिहिला की ऐकू बी फ्लॅट येतो. गायक काळी पाचला असेल तर त्याला सी मेजर द्या, काळी चारला असेल तर बी फ्लॅट. अल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, त्याला काळी चारसाठी एफ मेजर.

मोबाइलचा ट्यूनर गायकाचा गंधार उतरलेला दाखवतो म्हणून त्याला बेसूर ठरवू नका. पेटीवर सप्तकाचे 12 सारखे भाग असतात, प्रत्येक 100 सेंटचा. म्हणूनच एका पट्टीला दोन नावं चालतात. तंबोऱ्याशी जुळलेला शुद्ध गंधार साधारण 386 सेंटवर बसतो, पेटीचा 400 वर.

कीबोर्डवर सी धरून काळी चार हवी तर ट्रान्सपोझ (सगळे सूर वर-खाली सरकवायची सोय) उणे 4 किंवा अधिक 8. घाईत अधिक 4 दाबलं की निघते पांढरी तीन, आणि आरतीच्या पहिल्या ओळीलाच माणसं मागं वळून बघतात. म्हणून आधी सी दाबून पेटीच्या काळी चारशी जुळतो का ते ऐका. उठताना आकडा शून्यावर आणून ठेवा, नंतर बसणारा तो बघेलच असं नाही.