कसर लागलेलं लोकरीचं ब्लँकेट फ्रीझरमध्ये

अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळणाऱ्या लुईस-क्लार्क मोहिमेच्या (1804-06) द्विशताब्दीला निघालेलं लोकरीचं ब्लँकेट इथे ऑरेगनमध्ये एका जुन्या घराच्या सामानविक्रीत स्वस्तात मिळालं. घरी उलगडलं तर घडीत भाताच्या शितासारखी बारीक पांढरी नळी चिकटलेली. म्हणजे कसर, लोकर खाणाऱ्या पतंगाची अळी! डांबरगोळ्यांचा वास महिनोन्‌महिने जात नाही, आणि ड्रायक्लीनिंगला ब्लँकेटच्या किमतीपेक्षा जास्त पैसे पडले असते. म्हणून कसर थंडीनेच मारायची ठरवली.

1. ब्लँकेट बाहेर नेऊन झटका, शिवणी आणि काठ मऊ ब्रशने झाडा. अंडी तिथेच असतात.
2. सैल घडी करून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीने बंद.
3. उणे 18 अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे. फ्रिजच्या वरचा बर्फाचा छोटा कप्पा चालत नाही, तो तेवढा गार नसतो. (आमच्याकडे मटार आणि ओल्या नारळाची पाकिटं शेजाऱ्यांकडे मुक्कामाला गेली.)
4. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका. घाईने उघडली तर गार लोकरीवर पाणी सुटतं आणि ओल धरते.
5. मग सावलीत वाळवा, पुन्हा झाडा.

झाल्यावर 'आता एकदा धुऊनच टाकू' म्हणून गरम पाण्यात किंवा ड्रायरमध्ये मात्र घालू नका. लोकर आटते आणि नक्षीदार ब्लँकेटची पार घोंगडी होते.