मरिंबासाठी अवघड सोलो एट्यूड लिहिताय? या चुका टाळा

मरिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ठोके देऊन वाजवायचं वाद्य, मॅलेट म्हणजे त्याच्या ठोक्याच्या काठ्या (चार मॅलेट म्हणजे प्रत्येक हातात दोन) आणि एट्यूड म्हणजे वादकाचं तंत्र घडवणारी सरावाची रचना. चार मॅलेटच्या मरिंबासाठी एट्यूड लिहिणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते. सुरावट पियानोवर किंवा संगणकावर सुचते आणि जशीच्या तशी मरिंबाच्या माथी मारली जाते. सॉफ्टवेअर ती बिनचूक वाजवून दाखवतं, पण वादकाच्या हातात कागद पडला की तो दुसऱ्या ओळीतच थांबतो. एट्यूड अवघड हवाच, नाहीतर वादकाने त्यावर महिनोन्‌महिने का घालवावेत? फक्त तो कशामुळे अवघड होतोय, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे.

एका हातातल्या दोन मॅलेटमधलं अंतर सतत बदलणं

ही सगळ्यात मोठी चूक. समजा, डाव्या हाताला खालचा सी आणि त्यावरचा जी एकत्र दिलाय, लगेच पुढचा ठोका ई-एफ या शेजारच्या पट्ट्यांवर आणि त्याच्या पुढचा सी ते सी असा पूर्ण सप्तकाचा. मिनिटाला 120 मात्रा आणि मात्रेत चार स्वर अशी गती असेल, तर एका स्वराच्या वाट्याला 0.125 सेकंद येतो. तेवढ्यात मॅलेट मिटायचे, पुन्हा पूर्ण उघडायचे आणि नेमक्या पट्टीवर उतरवायचे. पियानोवर यासाठी पाच बोटं हाताशी असतात. इथे दोन काठ्यांची टोकं आहेत.

उपाय सोपा आहे. अख्खं आवर्तन डाव्या हाताचं अंतर सा-प एवढंच ठेवा आणि हात जागा बदलू द्या. अंतर बदलायचंच असेल, तर त्या क्षणी दोन-तीन स्वर उजव्या हाताकडे सोपवा. ऐकणाऱ्याला ओघ अखंडच वाटतो.

शिवाय मरिंबावर तेच अंतर सगळीकडे सारखं नसतं. खालच्या सुरांच्या पट्ट्या रुंद, वरच्या सुरांच्या अरुंद. वर सहज बसणारं सप्तक सगळ्यात खाली हात ताणून घेतं, म्हणून तिथे अंतरं आटोपशीर ठेवा.

डोळ्यांना दोन दिशांना पाठवणं

पियानोवादकाला पट्ट्यांचा स्पर्श असतो, व्हायोलिनवाल्याचा हात वाद्यावरच असतो. मरिंबावादक मात्र ठोक्याच्या क्षणापुरताच वाद्याला शिवतो, तोही काठीच्या टोकाने. त्याचा भरवसा नजरेवर आणि शरीराला झालेल्या सवयीवर. पाच सप्तकांचा मरिंबा अडीच मीटरच्या आसपास लांब असतो. डावा हात खालच्या टोकाकडे आणि उजवा वरच्या टोकाकडे एकाच क्षणी उडी मारत असतील, तर नजर कुठे ठेवायची? त्यात नोटेशन बघून वाजवायचं असेल तर विचारूच नका.

एका हाताने झेप घ्यावी, तेव्हा दुसऱ्याने जागेवर राहावं. दोन्ही हात हलवायचेच असतील, तर एकाच दिशेने हलवा. अशी लिहिलेली मोठी झेप वादकाला आवडते, प्रेक्षकांनाही ती दिसते.

शार्प-फ्लॅटची (पियानोच्या काळ्या पट्ट्यांच्या स्वरांची) मागची रांग हीसुद्धा अशीच विसरली जाणारी गोष्ट. एकाच हातातलं एक मॅलेट पुढच्या रांगेत आणि दुसरं मागच्या, असं वेगात वारंवार आलं की कोपर आत-बाहेर फिरत राहतं. मग ठोका पट्टीच्या मध्याऐवजी पट्टी ज्या दोरीवर टांगलेली असते तिच्या जागी पडतो आणि आवाज मुका निघतो. वेगात मागच्या पट्टीच्या आपल्याकडच्या कडेवर मारण्याचा रिवाज याचसाठी आहे.

रोलबद्दल थोडक्यात: लाकडी पट्टीचा नाद लवकर विरतो, वरच्या भागात तर फारच लवकर. म्हणून लांब स्वराला रोल, म्हणजे झपाट्याने लागोपाठ दिलेले ठोके, लागतो, पण तो कुठे सुरू आणि कुठे संपतो हे स्पष्ट लिहा. एका हाताचा रोल आणि दुसऱ्या हातात धून असेल, तर नंतर रोलच्या हाताला उसंत द्या. मॅलेटचंही तसंच. खालच्या पट्ट्यांना मऊ मॅलेट हवेत, वरच्यांना थोडे कडक. अगदी कडक प्लास्टिकचे मॅलेट खाली जोरात वापरले, तर महागडी रोझवूडची पट्टी तडकू शकते.

आणि चार मॅलेट प्रत्येक वेळी लागतातच असं नाही. अमेरिकन संगीतकार पॉल क्रेस्टनच्या 1940 च्या मरिंबा कन्चर्टिनोत (मरिंबा आणि वाद्यवृंदाच्या छोटेखानी रचनेत) संथ मधल्या भागात चार मॅलेट आहेत, दोन्ही बाजूंचे वेगवान भाग दोन मॅलेटवर धावतात. वेग हा विषय असेल, तर हा मार्ग जास्त खरा वाटतो.

वादक अडला, तर

त्याला तो तुकडा निम्म्या गतीने वाजवायला सांगा. निम्म्या गतीतही हात वाकडे होत असतील, मॅलेट एकमेकांवर आपटत असतील, तर सराव करून काही होणार नाही, लेखन बदला. निम्म्या गतीत हालचाल मोकळी असेल आणि फक्त पूर्ण गतीत तुटत असेल, तर तुमचा एट्यूड बरोबर आहे. आठ-दहा मात्रांनंतर मनगट जड होत असेल, तर सुरावटीला हात लावू नका, मध्ये अर्ध्या मात्रेची विश्रांती घाला. आणि ऐन पूर्ण गतीत एकच स्वर सतत चुकत असेल, तर तो कोणत्या हाताला दिलाय ते पाहा. बऱ्याचदा तोच स्वर शेजारच्या हाताकडे दिला की काम होतं.