घराचा नकाशा कोणाकडून काढायचा? नाशिकमध्ये बांधताना या चुका टाळा

मखमलाबाद रस्त्याला आमचं घर बांधताना वरच्या मजल्याचं बाथरूम बरोबर देवघराच्या डोक्यावर आलं. तळमजला एका कागदावर, पहिला मजला दुसऱ्या कागदावर, आणि दोन्ही एकावर एक ठेवून कोणी पाहिलेच नव्हते. स्लॅबखाली सांडपाण्याचे पाइप दिसले, त्या दिवशी आई साइटवर आली होती. "देव इथे बसवायचे?" एवढंच तिने विचारलं. देवघर हलवलं, पण ज्या कोपऱ्यात सकाळचं ऊन यायचं तो कोपरा गेला.

नकाशा काढणारा माणूस आम्ही निवडला नव्हता. ठेकेदाराने सांगितलं, "माझा माणूस आहे, प्लॅन पास करून देतो," आणि आम्ही हो म्हटलं.

प्लॅन पास झाला म्हणजे घर आखून झालं, असं समजू नका

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. महापालिका नकाशात सामासिक अंतरं (घराभोवती सोडायची मोकळी जागा), चटईक्षेत्र (प्लॉटवर किती बांधकाम चालेल ते), उंची, पार्किंग, उजेड-वारा बघते. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत (२०२०) हे सगळं लिहिलेलं आहे. पण जिना चढताना डोकं आपटेल का, कपाट ठेवल्यावर दार उघडेल का, पश्चिमेच्या उन्हाने वैशाखात झोपायची खोली किती तापेल, हे तिथे कोणी तपासत नाही. ते तुम्ही नेमलेल्या माणसानेच बघायचं असतं.

खरं तर ही तीन कामं आहेत. घर आखणं, ते उभं राहील असं आरसीसी (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचं) डिझाइन करणं, आणि परवानगी काढणं. एकाच ऑफिसात तिन्ही होत असतील तर चांगलंच, पण प्रत्येकावर सही कोणाची आणि जबाबदारी कोणाची, हे पहिल्याच बैठकीत विचारा. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण दीड गुंठ्याच्या प्लॉटला या नियमावलीत परवानगीची वाट खूप सोपी केली आहे. तिथे तर सगळी मदार सही करणाऱ्या तांत्रिक माणसावरच असते.

पाटीवरचा शब्द तपासा

१९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार 'आर्किटेक्ट' हे नाव फक्त वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच लावता येतं. नोंदणी क्रमांक 'सीए'ने सुरू होतो आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. मात्र सिव्हिल इंजिनिअरने घर आखूच नये, असा याचा अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की कायद्याची मनाई त्या नावाच्या वापराला आहे, कामाला नाही. परवानाधारक अभियंत्यांनी आखलेली उत्तम घरं मी नाशिकरोडला पाहिली आहेत. तेव्हा पदवीपेक्षा आधी एक गोष्ट करा: त्या माणसाने बांधलेल्या, निदान दोन पावसाळे झालेल्या घरात जाऊन या. घरातल्या बाईंना विचारा, ओल कुठे येते आणि स्वयंपाकघरात काय चुकलं. पाच मिनिटांत खरी माहिती मिळते.

थ्रीडी चित्रावर भुलू नका

एलिव्हेशनचं, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचं रंगीत चित्र बघून आम्ही खूश झालो होतो. मिस्त्रीच्या हातात मात्र सँक्शन प्लॅनच्या, म्हणजे महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशाच्या झेरॉक्सशिवाय काही नव्हतं. सेंटरलाइन (जमिनीवर आखणीसाठीच्या मध्यरेषांचा नकाशा), कॉलम-फुटिंगचे (खांब आणि त्यांच्या पायाचे) तपशील, सळईचं वेळापत्रक, जिन्याचा छेद, दार-खिडक्यांची यादी, प्लंबिंग आणि वायरिंगचे नकाशे यांतलं काय काय आणि कधी मिळणार, हे लेखी घ्या. जे कागदावर नसतं ते मिस्त्री त्याच्या अंदाजाने ठरवतो. त्याचा दोष नाही, स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी ठरवावंच लागतं.

साइटवर किती वेळा येणार, हेही त्याच कागदावर हवं. निदान आखणी, फुटिंगची सळई, प्लिंथ (जोतं) आणि प्रत्येक स्लॅबच्या आधी. फी कामाच्या टप्प्यांना बांधा. परवानगी हातात येताच सगळे पैसे दिले, तर पुढचे फोन उचलले जातीलच असं नाही.

जमीन न बघता नकाशा काढणाऱ्याला थांबवा

आपल्याकडे बऱ्याच भागांत वर काळी माती आणि खाली मुरूम. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि पाया तिच्यावरच टेकला असेल तर ती भेग भिंतीत येते. म्हणून 'शेजारच्यांनी पाच फूट खोदलं, तुम्हीही तेवढंच घ्या' हे चालत नाही. प्लॉटवर खड्डे घेऊन मातीची तपासणी करायला सांगणारा माणूस तुमचे पैसे वाचवतोय.

गोदावरी, नासर्डी, वालदेवी यांच्या आसपास प्लॉट असेल तर पूररेषा आधी. नकाशावर नदीजवळची पूररेषा निळी आणि तिच्याबाहेरची लाल असते. निळ्या रेषेच्या आत नवं घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी लागतात, जोत्याची पातळीही तिथे ठरलेली असते. २००८ आणि २०१९ चे पूर ज्यांनी पाहिलेत, त्यांना वेगळं सांगायला नको. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणीचा नकाशा आणि झोन दाखला (जमीन निवासी वापराची आहे का, हे सांगणारा) पाहिल्याशिवाय जो पेन्सिल उचलतो, त्याच्याकडून उठा.

चूक होऊन गेली असेल तर

काम प्लिंथपर्यंत असेल तर बरंच सावरता येतं. भिंती हलवायच्या असतील तर आधी सुधारित परवानगी घ्या, नाहीतर भोगवटा प्रमाणपत्राच्या (घर वापरायला महापालिकेची परवानगी) वेळी अडकाल. पाइपसाठी बीम किंवा कॉलम फोडायला कोणी निघालं, तर आरसीसी इंजिनिअर येईपर्यंत काम बंद ठेवा. भेग दिसली तर तिच्यावर प्लास्टर मारू नका. कारण कळेपर्यंत ती उघडी राहू द्या.

आर्किटेक्ट बदलायचाच असेल तर पहिल्याचा हिशोब मिटवून ना-हरकत घ्या आणि महापालिकेला कळवा. नकाशांचे हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, काढणाऱ्याकडेच राहतात. त्यामुळे मूळ फाइली मिळणार का, हे नेमतानाच बोलून घ्यावं. आम्हाला तेव्हा मिळाल्या नाहीत, आणि इंच इंच परत मोजावं लागलं.

मामेबहिणीचं घर आता आडगावला होतंय. तिचे नकाशे आले तेव्हा आम्ही दोन्ही मजल्यांचे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरले. बाथरूमखाली बाथरूम होतं, आणि देवघरावर मोकळी गच्ची.