नवीन डिझेल फोर बाय फोर गाडी घेताय? डिझेलचा हिशोब आधी करा
कंपनीचा ॲव्हरेज टेस्टमधला असतो, त्यावर महिन्याचं बजेट लावू नका. टाकी फुल करा, ट्रिप मीटर झिरो करा आणि तीन-चारशे किलोमीटर रोजच्यासारखी चालवा, म्हणजे आपल्या नाशकातलं सिडको ते सातपूर, द्वारकाचं ट्रॅफिक, एखादी त्र्यंबकची चक्कर सगळं त्यात येऊ द्या, मग त्याच पंपावर परत फुल करून किलोमीटरला लिटरने भागा. समजा १२ आला अन् महिन्याला १२०० किमी होतात, तर १०० लिटर, ९० रुपयांनी ९००० झाले. कसारा घाटातून मुंबईला जाणं असेल तर ते वेगळं धरा बरं का. आणि पार्ट-टाइम सिस्टीम असेल, म्हणजे चारही चाकांना ताकद गरजेपुरती आपणच लावायची असेल, तर कोरड्या डांबरी रोडवर फोर व्हील लावून फिरू नका, डिझेल जास्त जातंच, शिवाय गिअरवर ताण येतो.