एकाच मायक्रोकंट्रोलरवरून दोन-तीन सीरियल पोर्टना फॉरमॅट केलेला मजकूर कसा पाठवायचा

समजा बोर्डाला तीन गोष्टी जोडल्यात, एका पोर्टवर कॉम्प्युटर (डीबगसाठी), दुसऱ्यावर सीरियल डिस्प्ले आणि तिसऱ्यावर मोडेम किंवा डेटा लॉगर. तिघांनाही मजकूर पाठवायचाय, त्यात आकडे भरायचेत, कुठे दशांश, कुठे हेक्स, कुठे पुढे शून्य लावून दोन अंक. बहुतेक जण काय करतात, तर सीरियल डॉट प्रिंटच्या दहा-बारा ओळी एका पोर्टसाठी लिहितात आणि त्याच कॉपी करून दुसऱ्या पोर्टसाठी नाव बदलतात. चालतं ते, पण महिन्याभराने एका ठिकाणी फॉरमॅट बदलला आणि दुसऱ्या ठिकाणी राहून गेला की लॉगर वेगळं दाखवतो, डिस्प्ले वेगळं, आणि चूक नक्की कुठे आहे ते शोधत बसावं लागतं.

माझं म्हणणं एकच आहे: मजकूर तयार करणं आणि मजकूर पाठवणं ही दोन कामं एकमेकांपासून तोडा. ओळ एकदाच बनवा, बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) ठेवा, मग ती एका पोर्टला द्या नाही तर चारांना द्या. खाली फंक्शनची नावं देवनागरीत दिलीयत, कोडमध्ये ती रोमन अक्षरांत टाइप करायची हे वेगळं सांगायला नको.

आधी वायरिंग, पटकन

आर्डुइनो मेगा २५६० वर चार हार्डवेअर सीरियल पोर्ट आहेत. सीरियल म्हणजे यूएसबीवाला (पिन ० आणि १), सीरियल१ चा टीएक्स (पाठवणारा) पिन १८ आणि आरएक्स (घेणारा) १९, सीरियल२ चा टीएक्स १६ आणि आरएक्स १७, सीरियल३ चा टीएक्स १४ आणि आरएक्स १५. ईएसपी३२ वर तीन यूआर्ट, म्हणजे हार्डवेअर सीरियल पोर्ट, मिळतात. उनोवर हार्डवेअर पोर्ट एकच, बाकी सॉफ्टवेअर सीरियलवर भागवावं लागतं आणि ते पाठवताना इंटरप्ट (चालू काम मधेच थांबवून लक्ष वेधणारे संकेत) बंद करतं, त्यामुळे खरंच दोन-तीन पोर्ट लागणार असतील तर जास्त यूआर्टवाला बोर्डच घ्या, सॉफ्टवेअर सीरियलशी झगडू नका.

टीएक्स समोरच्याच्या आरएक्सला, ग्राउंड सगळ्यांचा एकत्र, आणि ५ व्होल्टचा टीएक्स ३.३ व्होल्टच्या आरएक्सला थेट लावायचा नाही, मधे लेव्हल शिफ्टर किंवा निदान दोन रेझिस्टरचा डिव्हायडर पाहिजे. हे झालं की फॉरमॅटिंगच्या मागे लागण्याआधी प्रत्येक पोर्टवर त्या पोर्टचा नंबर छापून बघा, सीरियल१ वर १, सीरियल२ वर २, बस. जिथे १ यायला हवा तिथे २ आला तर वायरिंग उलटसुलट आहे हे लगेच कळतं, आणि काहीतरी भलतीच अक्षरं आली तर बॉड रेट, म्हणजे सेकंदाला किती बिट जातात तो वेग, जुळत नाहीये.

बॉड रेटचं एक लक्षात ठेवा, १६ मेगाहर्ट्झच्या एव्हीआरवर (मेगा, उनोवरची चिप) ९६०० ला चूक फक्त ०.२ टक्के येते पण ११५२०० ला डबल स्पीड मोड लावूनही २.१ टक्के आणि न लावता ३.५ टक्के. बरेचदा खपून जातं, पण समोरचं डिव्हाइसही थोडं सरकलेलं असलं तर अधूनमधून एखादं अक्षर चुकतं आणि माणूस उगाच प्रिंटएफला (आकडे भरून ओळ बनवणाऱ्या फंक्शनला) दोष देतो.

ओळ बनवायची ती एसएनप्रिंटएफने

साधा एसप्रिंटएफ वापरू नका. त्याला बफर किती मोठा आहे हे माहीतच नसतं, तो लिहीत सुटतो आणि बफर संपला की पुढच्या व्हेरिएबलवर लिहितो. मायक्रोकंट्रोलरवर याचा एरर मेसेज येत नाही, बोर्ड रीसेट होतो किंवा दुसरंच व्हेरिएबल बिघडतं. एसएनप्रिंटएफला बफर द्यायचा, त्याची साइज द्यायची, मग फॉरमॅट (म्हणजे मजकूर, ज्यात आकड्यांच्या जागी %डी, %एस अशा खुणा असतात) आणि मग आकडे.

तो परत काय देतो तेही बघा. परत येणारा आकडा म्हणजे पूर्ण ओळ लिहायला किती अक्षरं लागली असती तो, प्रत्यक्षात किती लिहिली तो नाही. ८० चा बफर आणि ओळ ९५ ची असेल तर बफरमध्ये ७९ अक्षरं आणि शेवटचा शून्य बाइट असतो, पण परत ९५ येतात. हाच ९५ जसाच्या तसा पुढे राइटला दिला तर बफरच्या बाहेरचा कचराही पोर्टवर जातो. म्हणून आकडा बफरच्या साइजएवढा किंवा जास्त आला तर तो साइज वजा एकवर आणायचा, आणि निगेटिव्ह आला तर काहीच न पाठवता परत फिरायचं.

आता एकच फंक्शन, सगळ्या पोर्टसाठी

आर्डुइनोत सीरियल, सीरियल१, सीरियल२ हे सगळे प्रिंट नावाच्या क्लासपासून निघालेत, आणि बऱ्याचशा डिस्प्ले आणि एसडी कार्डाच्या लायब्रऱ्यासुद्धा. त्यामुळे फंक्शनचा पहिला पॅरामीटर प्रिंटचा रेफरन्स ठेवायचा, दुसरा फॉरमॅट स्ट्रिंग आणि तिसरे तीन टिंब, म्हणजे पुढे कितीही आकडे येऊ देत.

आत काय लिहायचं ते क्रमाने सांगतो. ८० कॅरेक्टरचा बफर घ्या. व्हीए लिस्ट (त्या तीन टिंबांत आलेल्या आकड्यांची यादी) टाइपचं व्हेरिएबल घ्या आणि व्हीए स्टार्टने ते फॉरमॅट पॅरामीटरपासून सुरू करा. मग व्हीएसएनप्रिंटएफ बोलवा, सुरुवातीला व्ही असलेला, कारण साधा एसएनप्रिंटएफ व्हीए लिस्ट घेत नाही. मग व्हीए एंड. मग वर सांगितली ती लांबीची तपासणी, आणि शेवटी पोर्ट डॉट राइटला बफर आणि लांबी. संपलं. आता डिस्प्लेला पाठवायचं तर पहिल्या जागी सीरियल१ लिहा, लॉगरला तर सीरियल२, फॉरमॅटचा कोड एकाच जागी राहतो.

साइज देताना साइझऑफ वापरत असाल तर बफर त्याच फंक्शनमध्ये ॲरे म्हणून घेतलेला असला पाहिजे. बफर बाहेरून पॉइंटर म्हणून आला तर साइझऑफ पॉइंटरची साइज सांगतो, एव्हीआरवर २ आणि ३२ बिट एआरएमवर ४, आणि मग पोर्टवर ओळीचं पहिलं एक किंवा तीन अक्षरं दिसतात. असं दिसलं की सरळ तिकडेच बघा.

ईएसपी३२, ईएसपी८२६६ आणि टीन्सीच्या आर्डुइनो कोअरमध्ये प्रिंट क्लासलाच प्रिंटएफ दिलेला आहे, तिथे सीरियल१ डॉट प्रिंटएफ थेट चालतं. पण तीच ओळ तीन पोर्टवर पाहिजे असेल तर तिथेही एकदाच बनवून तीनदा राइट करणं बरं, फॉरमॅटिंगचा वेळ तीनदा जात नाही आणि तिन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच जातं.

एक ओळ सगळ्यांना पाठवायला प्रिंटच्या पॉइंटरचा छोटा ॲरे करा आणि त्यावर लूप फिरवा. कधी दोघांना, कधी तिघांना असं असेल तर मास्क वापरा, पहिल्या पोर्टला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ४, मग ५ दिलं की पहिला आणि तिसरा. आणि एक गोष्ट टाळा, एकच व्हीए लिस्ट दोनदा व्हीएसएनप्रिंटएफला देऊ नका, पहिल्या वापरानंतर ती कशी राहील याची खात्री नसते. खरंच दोनदा लागली तर आधी व्हीए कॉपी करून ठेवायची.

आकडे चुकीचे दिसतात ते का

इथे जरा थांबूया, कारण सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

एव्हीआरवर इंट दोन बाइटचा असतो. मिलिसचा आकडा (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) अनसाइन्ड लाँग आहे, चार बाइटचा. तो %यू ने छापला तर पहिली पासष्ट सेकंदं सगळं छान दिसतं, मग ६५५३५ नंतर एकदम शून्यावर येतं. त्याहून वाईट म्हणजे त्याच ओळीत पुढे %डी असेल तर त्याला मिलिसचे वरचे दोन बाइट मिळतात, तुमच्या सेन्सरचा आकडा नाहीच, आणि माणूस सेन्सर बदलून बघतो. लाँगला %एलडी, अनसाइन्ड लाँगला %एलयू, हे पाठच करून टाका.

दशांश आकड्यांचं वेगळंच. आर्डुइनोच्या एव्हीआर बोर्डवर %एफ लिहिलं तर पोर्टवर चक्क प्रश्नचिन्ह येतं, कारण जागा वाचवायला फ्लोटचा भाग लिंक केलेला नसतो. एसटीएम३२ वर न्यूलिब नॅनो (सीची छोटी केलेली लायब्ररी) असेल तर तिथेही फ्लोट मुद्दाम चालू करावा लागतो, लिंकरला प्रिंटएफ फ्लोटचं सिम्बॉल घ्यायला सांगून. एव्हीआरवर सोपा उपाय डीटीओएसटीआरएफ, त्याला आकडा, एकूण रुंदी, दशांशानंतरचे अंक आणि छोटा बफर द्यायचा, आणि ती स्ट्रिंग मग %एस ने ओळीत बसवायची.

मी मात्र शक्य तिथे फ्लोट टाळतो, तापमान शंभरपट करून इंटमध्ये ठेवतो. २७४३ असेल तर शंभरने भागून २७, बाकी ४३, मधे टिंब, आणि बाकीसाठी %०२डी म्हणजे ५ असेल तर ०५ दिसेल. पण आकडा शून्याच्या खाली गेला की हे फसतं. वजा ५०७ ला शंभरने भागलं की वजा ५, बाकी वजा ७, आणि पोर्टवर छापलं जातं -५.-७. आणि वजा ४३ ला तर भागाकार शून्यच येतो, चिन्ह पुढे न येता टिंबानंतर येतं, ०.-४३. म्हणून चिन्ह आधी वेगळं काढा, एका %एस मध्ये वजा किंवा रिकामी स्ट्रिंग द्या, आणि पुढचं सगळं पॉझिटिव्ह आकड्यावर करा.

यातल्या %यू आणि %एलयू सारख्या टाइप न जुळण्याच्या चुका कंपायलर पकडू शकतो, फक्त त्याला सांगावं लागतं. जीसीसी कंपायलरमध्ये तुमच्या फंक्शनला फॉरमॅट ॲट्रिब्यूट लावा, प्रकार प्रिंटएफ, फॉरमॅट स्ट्रिंग दुसरा पॅरामीटर, आकडे तिसऱ्यापासून. क्लासच्या आतलं साधं मेंबर फंक्शन असेल तर लपलेला धिस पहिला मोजला जातो, मग ३ आणि ४. आर्डुइनो आयडीईच्या प्रेफरन्सेसमध्ये वॉर्निंग चालू करा नाही तर काही दिसणार नाही.

आर्डुइनो नसेल तर

सरळ सीमध्ये एव्हीआर प्रोग्राम करत असाल तर एव्हीआर लिबसीमध्ये (एव्हीआरच्या सी लायब्ररीत) फार चांगली सोय आहे. प्रत्येक पोर्टसाठी एक फाइल स्ट्रीम करा, त्याला एक अक्षर पाठवणारं फंक्शन द्या (अक्षर आणि स्ट्रीमचा पॉइंटर घेतं, जमलं की ० परत देतं), आणि मग एफप्रिंटएफला हवा तो स्ट्रीम द्या. प्रत्येक पोर्टसाठी वेगळं फंक्शन लिहायचीही गरज नाही, एफडेव्ह सेट यूडेटाने स्ट्रीमवर पोर्टचा नंबर चिकटवून ठेवता येतो आणि फंक्शनच्या आत एफडेव्ह गेट यूडेटाने तो काढता येतो. इथे बफरही लागत नाही, अक्षर तयार झालं की लगेच निघतं. तीच ओळ तीनकडे पाठवायची असेल तेव्हा मात्र बफरवाली पद्धतच बरी.

एसटीएम३२ आणि तत्सम एआरएमवर प्रिंटएफ शेवटी अंडरस्कोर राइट नावाच्या फंक्शनला येतो, त्याला फाइल नंबर, पॉइंटर आणि लांबी मिळते. नंबर १ म्हणजे एसटीडीआउट, २ म्हणजे एसटीडीएर, तर १ आला की एका यूआर्टला आणि २ आला की दुसऱ्याला असं इफमध्ये वाटून द्या, दोन पोर्टचं काम इतक्यात होतं. ओळीच्या शेवटी नवी ओळ नसेल तर मजकूर आत अडकून बसतो आणि कोड हँग झाल्यासारखा वाटतो, तेव्हा एफफ्लश करा किंवा सुरुवातीलाच सेटव्हीबफने बफरिंग बंद करा. आणि डीएमएने (प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतून परस्पर पाठवणाऱ्या हार्डवेअरने) पाठवत असाल तर बफर फंक्शनच्या आतला लोकल ठेवू नका, फंक्शन संपतं, ती जागा दुसऱ्याला जाते आणि डीएमए अजून तिथूनच वाचत असतो.

हळू पोर्ट सगळ्यांना अडवतो

९६०० बॉडला एका सेकंदात ९६० अक्षरं जातात, कारण एका अक्षरामागे स्टार्ट आणि स्टॉप धरून दहा बिट. म्हणजे ८० अक्षरांच्या ओळीला ८३ मिलिसेकंद. ११५२०० ला तीच ओळ सात मिलिसेकंदात जाते. मेगावर पाठवायचा बफर ६४ बाइटचा असतो, तो भरला की राइट तिथेच थांबून राहतो, आणि तुमचा फास्ट पोर्ट, बटणं, मोटर सगळं त्या हळू डिस्प्लेची वाट बघत बसतं.

उपाय असा की लूपमध्ये फास्ट पोर्ट आधी ठेवा, हळू नंतर. आणि डीबगसारख्या पोर्टला, जिथे एखादी ओळ गेली नाही तरी चालतं, आधी अव्हेलेबल फॉर राइट विचारा आणि जागा नसेल तर ती ओळ सोडून द्या. फक्त हे बघा की बफर पूर्ण रिकामा असला तरी मेगावर हा आकडा ६३ च येतो, त्यामुळे ८० अक्षरांची ओळ या तपासणीतून कधीच पास होणार नाही. ओळी छोट्या करा, नाही तर तो बफर मोठा करा. मेगावर रॅम ८ केबी आहे म्हणून परवडतं, उनोवर २ केबीच आहे तिथे विचार करून.

ओळीचा शेवट प्रत्येकाला वेगळा लागतो. प्रिंटएलएन कॅरिज रिटर्न आणि न्यूलाइन दोन्ही पाठवतो, तुमचा फॉरमॅट फक्त न्यूलाइन पाठवेल, आणि काही टर्मिनलवर मग ओळी जिन्यासारख्या तिरक्या उतरतात. मोडेमला एटी कमांडनंतर कॅरिज रिटर्न लागतंच. ओळ शेवटाशिवाय बनवा आणि प्रत्येक पोर्टच्या नावापुढे त्याचा शेवट ठेवा, लूपमध्ये ओळ गेली की त्याचा त्याला द्या.

आरटीओएस (अनेक टास्क चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टम) असेल आणि दोन टास्क एकाच पोर्टवर लिहीत असतील तर प्रत्येक पोर्टला स्वतःचा म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) द्या, सगळ्यांना मिळून एक नको, नाही तर हळू पोर्टसाठी फास्टवालाही अडकतो. म्युटेक्स ओळ बनवताना नको, फक्त पाठवताना धरायचा. आणि इंटरप्टच्या आत प्रिंटएफ करू नका, तिथे फक्त आकडा व्होलाटाइल व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि फ्लॅग लावा, ओळ मेन लूपमध्ये बनेल. एव्हीआरवर तो आकडा एका बाइटपेक्षा मोठा असेल तर लूपमध्ये वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करून कॉपी करा, नाहीतर अर्धा जुना अर्धा नवा असा आकडा तिन्ही पोर्टवर अगदी नीट फॉरमॅट होऊन जाईल.