पहिला एडिटर कुठला टाकायचा?

सांगलीच्या विश्रामबागेत माझ्याकडे प्रोग्रामिंग शिकायला येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, व्हीएस कोडच टाकू ना?" व्हीएस कोड म्हणजे मायक्रोसॉफ्टचा कोड लिहायचा एडिटर. मी आधी लॅपटॉपची रॅम विचारतो. 4 जीबी असेल तर सध्या नको. त्याच्या पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर चालतो; शेजारी क्रोम उघडलं की जुना लॅपटॉप मान टाकतो.

त्याहून मोठी अडचण म्हणजे त्यात सी भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर, येत नाही. पोरगं हौसेनं प्रोग्राम लिहितं, चालवतं आणि खाली येतं, 'जीसीसी इज नॉट रेकग्नाइज्ड', म्हणजे जीसीसी हा कंपायलरच सापडत नाही. मग कंपायलर उतरवा, तो कुठे आहे ते विंडोजला सांगायला पाथ सेट करा, आणि फॉर लूप राहतो बाजूलाच. काहीजण नावाला फसून व्हिज्युअल स्टुडिओच उतरवायला घेतात. ते वेगळंच धूड, नेटपॅकचा फडशा पाडणारं.

पायथॉननं सुरुवात करणार असाल तर माझं मत थॉनीला. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात खास नवशिक्यांसाठी बनवलेला हा फुकट एडिटर पायथॉन सोबतच घेऊन येतो. मी पोरांना मार्केट यार्डातल्या हळदीचं बिल करायला लावतो. वजन = 12, दर = 150, रक्कम = वजन * दर. हो, नावं मराठीत चालतात. कंट्रोल आणि एफ5 दाबून डीबग, म्हणजे प्रोग्राम एकेक पायरीनं चालवणं, सुरू करायचं, मग एफ7 दाबत जायचं. 'वजन'च्या जागी 12 येतात, 'दर'च्या जागी 150, आणि मग सगळ्याचे मिळून 1800. मशीन काय करतंय ते असं डोळ्यांनी दिसलं, की फळ्यावर तासभर बोलायची गरज उरत नाही.

सी साठी कोडब्लॉक्स हा एडिटर. उतरवताना नावात 'मिनजीडब्ल्यू' असलेली सेटअप फाइल निवडा, कंपायलर त्यातच असतो. लॅबमध्ये अजून निळ्या पडद्याचं जुनं टर्बो सी असेल तर प्रॅक्टिकलपुरतं वापरा. तिथलं पडदा पुसायचं 'क्लिअरस्क्रीन' (clrscr) घरच्या जीसीसीत चालणार नाही, त्यानं बिचकू नका.

एका प्रोजेक्टमध्ये चार-पाच फाइली झाल्या, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट आलं, पुण्यात इंटर्नशिप दिसायला लागली, की खुशाल व्हीएस कोडवर या. आल्या आल्या फाइल मेनूतलं ऑटो सेव्ह चालू करा, आपल्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही. आणि एआयच्या सूचना सुरुवातीला बंद ठेवा; सेमीकोलन कुठे राहिला ते स्वतः शोधा. विम या नुसत्या कीबोर्डवर चालणाऱ्या एडिटरच्या नादी लागायची घाई नको. चुकून उघडलाच, तर बाहेर पडायला एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर.