महत्त्वाची फाइल सेव्ह करताना क्यूसेव्हफाइल वापरा

क्यूटी या सी++ लायब्ररीमध्ये क्यूफाइल (फाइल वाचण्या-लिहिण्याचा क्लास) नुसत्या राइटओन्ली, म्हणजे फक्त लिहिण्याच्या, मोडमध्ये उघडली की जुना मजकूर तिथल्या तिथे पुसला जातो. नवीन एक अक्षरही अजून लिहिलेलं नसतं! त्यानंतर प्रोग्राम कोसळला किंवा डिस्क भरली, तर हाती उरते रिकामी किंवा अर्धवट फाइल. वापरणाऱ्याचं कित्येक दिवसांचं काम असं गेलेलं पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगतोय.

क्यूटी ५.१ पासून यावर क्यूसेव्हफाइल हा उपाय आहे. तो आधी त्याच फोल्डरमधल्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितो, आणि तुम्ही कमिट केल्यावरच ती मूळ फाइलची जागा घेते. मध्ये काही बिघडलं तर जुनी फाइल जशीच्या तशी राहते. कोडमध्ये बदलही फारसा नाही: क्लासचं नाव बदला आणि क्लोजऐवजी कमिट लिहा. कमिट विसरलात तर मात्र काहीच सेव्ह होणार नाही. ओपन आणि कमिट दोन्ही खरं-खोटं परत देतात, ते तपासाच. खोटं आलं तर एररस्ट्रिंगमधलं कारण वापरणाऱ्याला दाखवा.

आणखी एक. मजकूर लिहिणारा-वाचणारा क्लास क्यूटेक्स्टस्ट्रीम क्यूटी ६ मध्ये मुळातच यूटीएफ-८ हे एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) धरतो, पण क्यूटी ५ मध्ये त्या-त्या मशीनचं एन्कोडिंग घेतो. लिनक्सवर नीट दिसणारी देवनागरी विंडोजवर प्रश्नचिन्हं होऊन बसते ती यामुळेच. क्यूटी ५ वर असाल तर सेटकोडेकने यूटीएफ-८ स्पष्ट सांगा, लिहिताना आणि वाचतानाही.